उल्मेकेनच्या हातची झेंत

ओयील नदीच्या काठच्या आमच्या गावात सागिंगालीएवढा धिप्पाड माणूस दुसरा नव्हता. दारातून आत यायचं तर त्याला मान वाकवावी लागे, आणि जीपमध्ये बसला की जीप त्याच्या बाजूला कलत असे. तरुणपणी कुस्त्या मारायचा. कुठल्याही लग्नात आखाडा पडला की बक्षिसाचा मेंढा खांद्यावर टाकून घरी यायचा तो हाच. पुढं सरकारी शेतावर ट्रॅक्टर चालवला, ते शेत मोडल्यावर घोडे पाळले. बोलणं जेमतेम, मिशी मात्र भरघोस. अशा माणसाला जगात कशाची भीती असेल असं कुणाला वाटलं नसतं. त्याला एकच भीती होती. आपण झेंत करतो हे एक दिवस लोकांना कळेल.

झेंत काही मोठी अवघड गोष्ट नाही. भाजलेल्या वरीचं पीठ, नासवून आटवलेल्या दुधाच्या लाल चोथ्याचा, म्हणजे इरिमशिकचा, चुरा, साखर, मनुका, आणि सगळ्याला धरून ठेवायला वितळलेलं लोणी. थाळीत दाबून थापायची, गार जागी ठेवायची, घट्ट झाली की वड्या पाडायच्या. सांगायला एवढंच. पण वरी एक क्षण कमी भाजली तर पीठ कच्चं लागतं, एक क्षण जास्त भाजली तर कडू होते, आणि तो क्षण काही हाक मारून येत नाही. शिवाय हे सगळं बायकांचं काम. पुरुषानं मेंढा कापावा, घोडा धरावा, चहा प्यावा. त्यानं उखळाशी बसून वरी कांडली तर आमच्याकडे लोक त्याला मरेपर्यंत विसरू देणार नाहीत.

सागिंगालीला हे काम लागलं ते आजीमुळं. त्याची आई गोठ्यावर दूध काढायला पहाटे जायची ती संध्याकाळी यायची, आणि हा आजीच्या पदराला धरून. आजीची नजर गेलेली होती. ती कढईसमोर बसून नुसत्या कानांनी आणि नाकानं वरी भाजायची. "ऐक," म्हणायची, "आता ओली बोलतेय. आता तडतडतेय. आता गप्प बसली बघ. गप्प बसली की लगेच उतरव, नाहीतर रुसते." पोरगा ऐकायचा. पुढं कुस्तीत नाव झालं, मिशी फुटली, पण कुठं कुणी बाई वरी भाजायला बसलेली दिसली की हा थबकायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. लोकांना वाटायचं, पैलवानाच्या कानाला मार लागलाय.

उल्मेकेन लग्न होऊन आली ती अक्तोबेच्या रेल्वे वसाहतीतून. बाप इंजिनवर, आई तिकीट खिडकीवर, घरात पाव बेकरीतून यायचा. तिनं आयुष्यात मुसळ हातात धरलं नव्हतं. मात्र जीभ अशी, की उभ्या गाडीला शिटी मारून हलवेल. पहिल्याच आठवड्यात सासूनं फर्मावलं, "सूनबाई, उद्या पाहुणे येतायत. झेंत कर. आमच्या घरची झेंत लोक लांबून खायला येतात." उल्मेकेन हो म्हणाली. नवी सून दुसरं काय म्हणणार.

दुपारी सागिंगाली अंगणात पाणी प्यायला आला तर चुलीच्या खोलीतून धूर, आणि धुरात त्याची बायको. कढईत काळेभोर दाणे, तिच्या नाकावर काजळी.

"काय करतेस?"

"तुमच्या घराचं नाव जाळतेय," ती म्हणाली. रडत होती, पण बोलणं काही थांबत नव्हतं. "आता तुम्ही मला परत स्टेशनवर नेऊन सोडा. संध्याकाळची गाडी आहे."

त्यानं अंगणात पाहिलं. कुणी नव्हतं. मग तिला बाजूला केलं, कढई घासली, नवी वरी घेतली आणि म्हणाला, "दारात बस. कुणी आलं तर खोक."

त्या संध्याकाळी सासूनं वडी तोंडात टाकली आणि तिचे डोळे भरून आले. "अगदी माझ्या सासूबाईंची चव," ती म्हणाली. पाहुण्यांसमोर तिनं सुनेच्या कपाळाचं चुंबन घेतलं. दुसऱ्या दिवसापर्यंत गावभर झालं, की स्टेशनवरची पोरगी, पण हात काय, सोनं. आता यातून मागं कसं फिरायचं? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तोंडं मिटली. ती जी मिटली ती तीसेक वर्षं.

या वर्षांत उल्मेकेन गावातली झेंतवाली झाली. लग्न असो, बारसं असो, नवरोज असो, निरोप तिलाच यायचा. ती अंगावर एप्रन चढवायची, हाताला थोडं पीठ लावायची आणि चुलीच्या खोलीच्या दाराशी उलट्या बादलीवर बसून शेजारणींशी गप्पा मारायची. आत उखळाचा धप्प धप्प आवाज चाललेला असायचा. "कोण कांडतंय?" कुणी विचारलंच तर म्हणायची, "आमचे घरधनी. कांडायचं काम तेवढं ताकदीचं, ते मी त्यांच्याकडून करून घेते. बाकी त्यांना काय कळतंय."

बायका कृती विचारायला यायच्या तेव्हा तर तिची जीभ सैल सुटायची. एकीला तिनं सांगितलं, कढईत कालथा नेहमी उजवीकडून डावीकडे फिरव आणि मनात सासूचं नाव घे. दुसरीला म्हणाली, मनुका टाकण्याआधी त्यांना थोडं ऊन दाखव, त्या खूश होतात. तिसरीला सांगितलं, लोणी ओतताना बोलायचं नाही. गावातल्या अर्ध्या घरांत आजही लोणी ओतताना कुणी बोलत नाही. आत कांडता कांडता सागिंगालीला हे ऐकू यायचं आणि हसू दाबताना त्याची मिशी थरथरायची. एकदा सासूला वडीत एक केस सापडला. तिनं तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "सूनबाई, तुझे केस एवढे आखूड नि राठ कधी झाले गं?"

"काळजीनं, आई," उल्मेकेन म्हणाली.

म्हातारीनं केस चुलीत टाकला. वडी मात्र संपवली.

असं सगळं सुखात चाललं होतं, तोवर त्यांच्या मुलीचं, गौहरचं, अतिराऊमध्ये लग्न ठरलं. मुलाची आई रायखान, निवृत्त नर्स. चाळीस वर्षं लोकांना सुया टोचून तिचा आवाज असा झाला होता, की ती "चहा घ्या" म्हणाली तरी माणूस बाही वर सारायचा. लग्नाआधीच्या रीतीप्रमाणं ती आणि तिचा नवरा व्याह्यांच्या घरी पाहुणचाराला आले. सागिंगालीनं मेंढा कापला, शेपटीच्या चरबीचा आणि काळजाचा घास व्याह्यांना आपल्या हातानं भरवला, उरलेली चरबी रीतीनं त्यांच्या गालांना फासली. सगळे हसले. पाहुण्यांच्या अंगावर मानाचे झगे चढवले गेले. सगळं यथासांग झालं.

मग रायखाननं तोंड पुसलं आणि म्हणाली, "विहीणबाई, झगा छान आहे, पण मी झग्यासाठी आलेले नाही."

उल्मेकेन थाळी उचलता उचलता थांबली. मुलाकडच्यांना आता काय हवंय?

"गौहरनं मला तुमच्या हातची झेंत आणून दिली होती. माझी आई ओयीलचीच. ती गेल्यापासून ती चव माझ्या जिभेला लागली नव्हती. आईनं मला कधी शिकवली नाही, मी पण कधी बसले नाही तिच्याजवळ, ड्यूट्या होत्या. उद्या सकाळी मी तुमच्या शेजारी बसणार आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बघणार. नाही म्हणू नका."

विहिणीला नाही म्हणायची आमच्याकडे सोय नसते.

संध्याकाळी गाय पिळताना नवरा-बायकोची गोठ्यात बैठक बसली.

"माझा हात मोडला म्हणून सांगा," उल्मेकेन म्हणाली.

"ती नर्स आहे. तपासेल."

"मग तुम्हीच सांगा काहीतरी. एरवी बोलत नाही ते नाहीच, आता वेळ आलीय तरी घुम्यासारखे बसलात."

सागिंगालीनं गाईच्या पाठीवर हात फिरवत विचार केला. "मी बाहेर खिडकीखाली बसतो. लगाम शिवायला घेतो. आवाज ऐकू येतो मला. एकदा खोकलो तर आच कमी कर. दोनदा खोकलो तर ढवळ. जोरात खोकलो तर उतरव."

"आणि शिंक आली तर?"

"शिंक मी आवरेन."

सकाळी दोघी चुलीच्या खोलीत गेल्या. वरी आधीच उकडून निथळत ठेवलेली होती. उल्मेकेननं बिस्मिल्ला म्हणून गोवऱ्यांची आच पेटवली, आणि तिच्या मनात खरंच बिस्मिल्लाच चालली होती, कारण पुढचं तिला काही येत नव्हतं. पहिली मूठ कढईत पडली. खिडकीखालून एक खोकला आला. तिनं दोन गोवऱ्या बाजूला सारल्या. दोन खोकले आले. ती ढवळू लागली. रायखान टक लावून बघत होती.

"उजवीकडून डावीकडे फिरवायचं," उल्मेकेन म्हणाली. सवयच ती.

"का?"

"वरीला तसं आवडतं."

पुन्हा खोकला. रायखाननं मान वर केली. "व्याह्यांना हे कधीपासून आहे?"

"काय?"

"खोकला. कोरडा आहे. रात्री घाम येतो का त्यांना?"

"त्यांना काही झालेलं नाही, विहीणबाई. त्यांचा गळाच तसा आहे."

नेमका त्याच वेळी दाणा तडतडायला लागला होता आणि सागिंगाली जीव तोडून दोन-दोनदा खोकत होता, कारण बायको बोलण्याच्या नादात ढवळायची थांबली होती. रायखान उठली. बाहेर गेली. त्याच्या छातीला कान लावला, जीभ काढायला लावली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. बारा पैलवानांना पाठीवर पाडलेला माणूस लगाम हातात धरून जीभ बाहेर काढून उभा राहिला.

"घरात चला. झोपा."

"मी बरा आहे."

"चाळीस वर्षं लोक मला हेच सांगत आलेत," रायखान म्हणाली. तिच्या पिशवीत खोकल्यावरचे मोहरीच्या लेपाचे कागद होते. असल्या बायकांच्या पिशवीत ते असतातच. तिनं सागिंगालीला पलंगावर पाडलं, कागद कोमट पाण्यात बुडवून छातीवर ओळीनं चिकटवले, वर घोंगडी टाकली आणि बजावलं, "मी सांगेपर्यंत उठायचं नाही." मग ती परत झेंत शिकायला गेली.

सागिंगाली छताकडे बघत पडला. छाती चुरचुरायला लागली होती. पण खरं दुखणं वेगळंच होतं. खिडकी उघडी होती आणि तिच्यातून वास येत होता. आधी ओल्या गवतासारखा. मग भाकरीच्या कडेसारखा. त्याला कळलं, आता ढवळायला हवं. पाठोपाठ कळलं, की ढवळत नाहीयेत, नुसत्या बोलतायत. त्यानं डोळे मिटून घेतले. म्हटलं, जळू दे एक घाणा, काय बिघडतं. मग तडतड थांबली. दाणे गप्प बसले. तो वाट बघत राहिला, आता उतरवतील, आता उतरवतील. अंगणापलीकडून उल्मेकेनचा आवाज आला, "आणि मनुकांना थोडं ऊन दाखवायचं."

पुढं काय झालं ते त्यालाही नीट आठवत नाही. घोंगडी जमिनीवर पडली. उघड्या छातीवर मोहरीचे पिवळे कागद फडफडवत तो अंगण ओलांडून गेला, चुलीच्या खोलीच्या दाराला त्याचं डोकं आपटलं, आणि आत जाऊन त्यानं नुसत्या लोकरीच्या नमद्याच्या तुकड्यानं कढई उचलून खाली ठेवली. बायकोच्या हातातला कालथा घेतला आणि दाणे सुपात ओतून असे झेलले, की धूर वर गेला आणि दाणे खाली राहिले. एक मूठ नाकाशी धरली.

"वाचली," तो म्हणाला.

मग त्याच्या लक्षात आलं, की विहीण तिथंच बसली आहे.

 एक कागद त्याच्या छातीवरून सुटून जमिनीवर पडला.

"व्याहीबुवा," रायखान हळूच म्हणाली, "किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून." मग प्रामाणिकपणे, "त्याआधी आजीकडे."

रायखाननं उल्मेकेनकडे पाहिलं. उल्मेकेननं एप्रनची गाठ सोडली, एप्रन काढला आणि बादलीवर बसली. "घ्या, सुटले एकदाची," ती म्हणाली. "तीस वर्षं लोक माझे हात धरून कौतुक करतायत आणि मला घरी येऊन हात धुवावेसे वाटतात. कोणाला सांगायचं ते सांगा, विहीणबाई. फक्त लग्न मोडू नका. गौहरला स्वयंपाक येतो. बापानं शिकवलाय."

रायखान हसली नाही. "इतके दिवस मी भलत्याच विहिणीची खुशामत करत होते तर," एवढंच म्हणाली. मग बाह्या वर सारल्या आणि सागिंगालीच्या समोर बसली. "बसा. पहिल्यापासून सांगा. आणि ते कागद काढून टाका, खोकला नाही तुम्हाला."

त्यानं सांगितलं. कमी बोलणारा माणूस दुपारपर्यंत बोलत होता. ओल्या दाण्याचा आवाज कसा, कोंडा पाखडताना वारा कुठून घ्यावा, लोणी किती गरम. रायखाननं कांडलं, चाळलं, थापलं. संध्याकाळी वडी कापून तिनं तोंडात ठेवली आणि बराच वेळ ती चावलीच नाही. मग तिनं सागिंगालीचा तो फावड्यासारखा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "माझ्या आईच्या हातांना भेटल्यासारखं वाटलं."

सागिंगालीला काय करावं ते कळेना. कौतुक त्यानं पुष्कळ ऐकलं होतं, पण ते नेहमी त्याच्या बाजूनं जाऊन बायकोला लागायचं. तो बाहेर गेला आणि घोड्याला पाणी पाजायला लागला. घोड्याला तहान नव्हती.

"मी कुणाला बोलणार नाही," निघताना रायखान म्हणाली. पण तिचा चेहरा असा होता, की सागिंगालीची झोप उडाली.

मुलीला निरोप द्यायच्या समारंभाला आख्खं गाव आलं होतं. तालुक्याच्या मोठ्या हॉलमध्ये टेबलं, प्रत्येक टेबलावर झेंतच्या थाळ्या. आमच्याकडे अशा वेळी माईक हातोहात फिरतो आणि प्रत्येकाला शुभेच्छा द्याव्याच लागतात, मग बोलता येवो न येवो. रायखानची पाळी आली. तिनं माईक घेतला, घसा साफ केला.

"आज मला माझ्या व्याह्यांच्या हातांबद्दल दोन शब्द सांगायचे आहेत."

सागिंगालीनं हातातली वडी खाली ठेवली. उल्मेकेननं टेबलाखाली त्याचा गुडघा दाबला. पण त्याला वाटलं, सांगायचंच असेल तर परक्या तोंडातून कशाला. आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळपासून त्याला आत कुठंतरी ते हवंसंही वाटायला लागलं होतं. तो उठला. चार ढांगांत विहिणीजवळ गेला आणि माईक आपल्याकडे घेतला.

"झेंत मी करतो," तो म्हणाला. "सगळी. पहिल्यापासून. उल्मेकेन नाही."

 मग मागच्या टेबलावरून कुणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं, आणि मग सगळा हॉल हसायला लागला. त्याच्या कुस्तीतल्या जुन्या जोडीदारानं टेबलावर मूठ आपटली. लोक डोळे पुसत होते. सागिंगालीनं आयुष्यात कधी विनोद केला नव्हता, आणि केला तो असा.

"खरंच," तो म्हणाला. त्यावर आणखी हसले.

उल्मेकेन उठून आली. "ते खरं सांगतायत," ती माईकमध्ये म्हणाली. "मला वरी भाजता येत नाही. मी जाळते."

पहिल्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. "बघा," एक दुसरीला म्हणाली, "एवढं नाव आहे, पण गर्व म्हणून नाही. नवऱ्याचा मान राखते." टाळ्या पडल्या. वाद्यं सुरू झाली आणि लोक नाचायला उठले. सागिंगाली माईक हातात घेऊन तसाच उभा.

रायखाननं त्याच्या हातातून माईक हळूच काढून घेतला. "मी तर त्या दिवशी तुम्ही भरवलेल्या घासाबद्दल बोलणार होते," ती म्हणाली. "चरबी जरा जास्त होती, पण मी तारीफच करणार होते."

त्यानंतर लपवायचं काही उरलं नाही. सागिंगालीनं चुलीच्या खोलीचं दार उघडं टाकलं. तो दिवसाढवळ्या, एप्रन लावून, कढईसमोर बसायला लागला. जाणारे-येणारे कुंपणाशी थांबायचे आणि चुकचुकायचे. "बिचाऱ्याला या वयातही बायको राबवते." बायका कृती विचारायला अजूनही उल्मेकेनकडेच येतात. ती आता खरं तेच सांगते, आवाज ऐका, गप्प बसली की उतरवा. बायका घरी जाऊन म्हणतात, आजकाल ती नीट सांगत नाही, काहीतरी हातचं राखते.

नवरोजच्या आदल्या दिवशी सकाळी अतिराऊहून फोन आला. रायखान होती, मागे काहीतरी चरचरत होतं.

"विहीणबाई, तुम्ही नको, व्याह्यांना द्या. लवकर. कढई चुलीवर आहे."

सागिंगालीनं फोन कानाला लावला. पलीकडे रायखाननं आपला फोन कढईवर धरला असावा, कारण तिचा आवाज गेला आणि नुसती तडतड येऊ लागली. त्यानं मान तिरकी केली. उल्मेकेन काही विचारायला लागली तर तिला हातानं थांबवलं.

"अजून नाही," तो म्हणाला. "अजून नाही. ढवळा, विहीणबाई, बोलू नका."